उडत्या पाखराची पिसे

फार चतुर माणसाला आपल्याकडे ‘उडत्या पाखराची पिसे मोजणारा’ म्हणतात. ज्या कोणी हा शब्दप्रयोग पहिल्यांदा केला, त्याच्या डोळ्यांपुढे एखादा वकील नाहीतर सावकार असणार. खरोखरच आकाशाकडे पाहून एक, दोन, तीन असे मोजत बसणारा इसम त्याला अभिप्रेत नसावा. माझ्यावर मात्र वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी हे काम अक्षरशः करण्याची पाळी आली. आणि चतुरपणाशी माझा किती संबंध आहे, हे आमच्या बँकेतले जुने सहकारी आनंदाने सांगतील.

पाखरे हा विषय मुळात माझा नव्हेच. तो आमच्या हिचा. लग्न झाल्यावर पहिल्याच थंडीत आम्ही कर्नाळ्याला गेलो. नवपरिणीत जोडप्याने रानात फिरायला जायचे म्हणजे काय, याविषयी माझ्या काही कल्पना होत्या. त्या पनवेल सोडेपर्यंत टिकल्या. पुढे हिने पिशवीतून सलीम अलींचे पुस्तक बाहेर काढले आणि तीन तास आम्ही एका फांदीखाली माना वर करून, श्वास रोखून उभे होतो. तेव्हापासून आमच्या संसारात कामाची वाटणी ठरून गेली. पाखरे हिने पाहायची. डबा, पाण्याची बाटली आणि एस. टी.चे वेळापत्रक मी सांभाळायचे. भिगवण, नांदूर-मधमेश्वर, शिवडीची खाडी, सगळीकडे हीच वाटणी चालली आणि उत्तम चालली.

तीन वर्षांपूर्वी हिचे डोळे बिघडले. मोतीबिंदू असता तर काढून टाकता आला असता. हे दुखणे निराळे. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा जो मधोमधचा भाग असतो, ज्याने आपण वाचतो, सुईत दोरा ओवतो, समोरच्याचा चेहरा ओळखतो, तो झिजत चालला आहे. कडेचे दिसते, मधले पुसट होते. डॉक्टरांनी समजावून सांगितले, गोळ्या दिल्या, आणि जे गेले ते परत येत नाही हेही सांगितले. हिने घरी येताना रिक्षात सगळ्या आजाराचे सार एका वाक्यात काढले. “म्हणजे बघायला गेलं की जातं,” ती म्हणाली.

झाडावर बसलेला पक्षी तिला अजूनही पकडता येतो. मान जरा तिरपी करून, नजर बाजूला ठेवून ती त्याला गाठते. आवाज तर तिला माझ्या दसपट कळतात. पण उडता पक्षी गेला. डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी हलते, ती तिकडे वळते, आणि वळल्याबरोबर ते तिच्या नजरेच्या त्या मधल्या धुक्यात शिरते. एकदा गॅलरीत बसलो असताना घार डोक्यावरून गेली. हिला ती सावलीवरून कळली.

“पंख कसे होते हो?” हिने विचारले.

“दोन होते,” मी म्हणालो.

यावर ती मनापासून हसली, आणि मग बराच वेळ काही बोलली नाही.

पुढे एका भाच्याने काढलेला बुलबुलाचा फोटो आम्ही टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर लावला. ही खुर्ची ओढून पडद्याच्या अगदी जवळ, थोडी एका अंगाला बसली आणि शेपटीखालच्या तांबड्या डागापर्यंत सगळे तिने सांगितले. मी म्हटले, वा! पण हिला त्याचे कौतुक फार नव्हते. “बसलेला बुलबुल मला पाठ आहे,” ती म्हणाली. “मला उडताना बघायचंय.”

कॅमेरा घ्यायचा तो असा घ्यायचा ठरला. पैशाचा प्रश्नही तिनेच सोडवला. स्वयंपाकघराचा ओटा नवा करण्यासाठी दोन लाखांची ठेव बाजूला ठेवली होती. “ओट्याचं काही अडलं नाही,” ही म्हणाली. “तो मला आता डोळे मिटून येतो.” ती हे अगदी सहज, कोथिंबीर निवडता निवडता बोलली.

आता आपल्या समाजात दोन गोष्टींवर सल्ला मागावा लागत नाही, तो आपण होऊन घरी येतो. एक पाठदुखी आणि दुसरा कॅमेरा. पुण्याहून चिरंजीवांचा फोन आला की हल्ली फोनमध्येच सगळे असते. शेजारचे गृहस्थ, जे स्वतः वाघाचे फोटो काढतात (अजून वाघ आलेला नाही, जंगल छान येते), ते म्हणाले, “सहाशे मिलिमीटरच्या खाली बघूच नका.” बँकेतले एक स्नेही म्हणाले, कॅमेरा कोणताही घ्या, खरी मजा लेन्समध्ये आहे. दुसरे म्हणाले, लेन्स कोणतीही घ्या, कॅमेऱ्याची नजर तेज हवी. दोघेही खरे बोलत होते, हा त्यातला त्रास.

मी जन्मभर आकडेमोडीवर पोट भरले. तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन बसलो. लेन्सवर जे मिलिमीटर लिहिलेले असतात, त्यांचा अर्थ गृहिणीलाही कळेल असा सांगायचा तर तो खिडकीचा अर्थ आहे. आकडा मोठा तशी खिडकी लहान, आणि खिडकी लहान म्हणून पलीकडचे मोठे. मध्यम आकाराच्या सेन्सरचा, म्हणजे ज्याला एपीएस-सी म्हणतात तसा, कॅमेरा घेतला आणि पन्नास मीटरवरून पक्षी जात असला, तर सहाशेच्या लेन्समधून आपल्याला जेमतेम १.९ मीटर रुंदीचे आकाश दिसते. घारीचे पंख पसरले की दीड मीटर भरतात. म्हणजे सारी खिडकी घारीने व्यापली, पंखाचे टोक आत राहिले तर नशीब. त्यात पक्षी सेकंदाला पंधरा मीटर जाणारा असला, तर एक अष्टमांश सेकंदात तो या बाजूने शिरून त्या बाजूने बाहेर पडतो. पापणी लवायला याहून फार कमी वेळ लागत नाही. चारशेला हीच खिडकी २.८ मीटरची होते, आणि शंभरला ११ मीटरची.

बसलेल्या पक्ष्यासाठी शेजाऱ्यांचा सल्ला योग्य आहे. तिथे जितके मोठे तितके बरे. उडता पक्षी आधी सापडावा लागतो, मग धरून ठेवावा लागतो, आणि मोठा करणे हे तिसरे काम. शंभरावर ठेवून पक्षी शोधावा, तो मध्यावर आला की हाताने कडे फिरवून चारशेवर जावे, ही रीत झूम लेन्सवर जमते. एकाच मापाच्या मोठ्या लेन्समधून आभाळात पक्षी हुडकणे म्हणजे चाळीच्या दाराला पडलेल्या भोकातून वरात पाहणे.

मग वजनाचा प्रश्न निघाला, आणि इथे माझ्या उजव्या खांद्याने मत मांडले. हा खांदा मागे एकदा आखडून बसला होता आणि अजूनही पावसाळ्यात आठवण देतो. निकॉनची २००-५०० ही लेन्स २०१५ साली आली आणि तिने पुष्कळ मध्यमवर्गीय पक्षिवेड्यांना जवळचे पक्षी दिले. तिचे वजन दोन किलो तीनशे ग्रॅम. त्यांचाच डी-५०० हा कॅमेरा जोडला की एकूण तीन किलोंच्या वर जाते. सिग्मा आणि टॅमरॉन यांच्या १५०-६०० लेन्स दोन किलोंच्या आसपास, सोनीची २००-६०० त्याहून थोडी जड. कागदावर दोन किलो म्हणजे काहीच नव्हे. पिठाची पिशवी आपण दुकानातून घरी आणतोच की!

म्हणून मी पिठाची पिशवीच घेतली. एका लांब डब्यात दोन किलो गहू भरले, त्याला दोरीने आणखी एक किलो साखर बांधली आणि गॅलरीत उभा राहून ते सारे डोळ्याला लावून घारीमागे फिरू लागलो. मुलुंडला आमच्या इमारतीवर घारींची कमी नाही. पहिल्या घिरटीत मी तिच्या बरोबर होतो. दुसऱ्या घिरटीत घार पुढे आणि मी मागे. तिसरीत माझा डबा खालच्या मजल्यावरच्या वाळवणाकडे रोखलेला होता आणि घार सुखरूप होती. समोरच्या गॅलरीतल्या आजीबाईंनी हिला फोन करून विचारले, “बरे आहेत ना?”

दुसऱ्या दिवशी साखर काढली, तिसऱ्या दिवशी अर्धे गहू काढले. सव्वा किलोवर आल्यावर मी दहा मिनिटे घारीमागे राहिलो आणि नंतर चहाचा कप न सांडता उचलला. फार मोठे शास्त्र यात नाही. उडत्या पक्ष्यासाठी लेन्स नुसती पेलायची नसते, ती पक्ष्याच्या वेगाने आणि त्याच्या लहरीने फिरवायची असते, कमरेतून वळून. तिवई लावून उभे राहणारे लोक मी पाहिले आहेत. होडीत तिवई म्हणजे आणखी एक प्रवासी.

हा सव्वा किलोचा हिशेब खिशात घेऊन मी बोरीबंदरला उतरलो आणि बोरा बाजारात गेलो. फोर्टातली ही गल्ली म्हणजे कॅमेऱ्यांचे मंगळदास मार्केट. एका दुकानातल्या तरुणाने मला फारच आपुलकीने वागवले. गिऱ्हाईक म्हातारे असले आणि प्रश्न पुष्कळ विचारू लागले की विक्रेत्यांच्या चेहऱ्यावर जो एक भाव येतो, तो त्याच्या चेहऱ्यावर शेवटपर्यंत आला नाही. त्याने एकामागून एक लेन्स माझ्या हातात दिल्या आणि रस्त्यावरच्या कबुतरांवर रोखायला सांगितल्या. बोरा बाजारात कबुतरांना तोटा नाही.

त्यातली एक हातात घेतली आणि मी खरोखर चकित झालो. पाचशे मिलिमीटरची लेन्स, आणि वजन दीड किलोच्या आत! निकॉनने ती २०१८ साली काढली. तिच्यात फ्रेनेलच्या भिंगाच्या जातीचे एक भिंग असते. ऑगुस्तँ फ्रेनेल या फ्रेंच माणसाने दोनशे वर्षांपूर्वी दीपगृहांसाठी अशी भिंगे केली की काचेचा जाड गोळा लागू नये, वर्तुळाकार पातळ कड्यांनीच काम भागावे. जहाजांना वाट दाखवणारी ती युक्ती इतक्या वर्षांनी पाखरांच्या कामी आली, हे ऐकून मला बरे वाटले. मग त्याने किंमत सांगितली. ती आमच्या ओट्यात बसत नव्हती.

“काका, तुमचं बजेट आणि खांदा दोन्ही धरले,” तो म्हणाला, “तर हे बघा.” त्याने २०२२ साली निघालेला कॅननचा आर-७ आणि त्यावर १००-४०० ची एक छोटी लेन्स लावून दिली. कॅमेरा सहाशे बारा ग्रॅम, लेन्स सहाशे पस्तीस. मी मनातल्या मनात बेरीज केली. सव्वा किलो, वर तीन ग्रॅमसुद्धा नाही.

पण स्वस्त आणि हलके यांची किंमत दुसरीकडे कुठेतरी मोजावीच लागते. या लेन्सचे तोंड लहान. चारशेवर नेली की ती एफ-८ पेक्षा जास्त उघडत नाही; जड लेन्स त्याच ठिकाणी एफ-५.६ ला उघडतात आणि दुप्पट उजेड आत घेतात. मी घरी येऊन याचाही हिशेब केला. आमच्या वडिलांकडे आग्फाचा क्लिक-थ्री होता. एका रोळात १२ फोटो, आणि तेवढ्यात आमच्या दोन दिवाळ्या आणि एक मुंज पार पडे. त्या काळापासून चालत आलेला एक नियम आहे: स्वच्छ ऊन असले तर एफ-१६ ठेवावे आणि शटरचा वेग फिल्मच्या आकड्याइतका ठेवावा. फिल्म १०० ची तर सेकंदाचा शंभरावा भाग. फिल्म गेली, नियम तसाच आहे. एफ-८ म्हणजे चौपट उजेड. म्हणजे १०० वर चारशेवा भाग. पण पंखाला चारशेवा भाग पुरत नाही. पंधरा मीटरच्या वेगाने जाणारा पक्षी तेवढ्यात पावणेचार सेंटिमीटर पुढे सरकतो, आणि पंखाचे टोक त्याहूनही जास्त. पिसे वेगवेगळी दिसायला हवीत तर दोन हजारावा भाग पाहिजे. तेवढ्यात पक्षी साडेसात मिलिमीटर जातो. त्यासाठी आयएसओ ५०० लागेल. हे झाले भर उन्हाचे. सकाळी लवकर उजेड त्याच्या अष्टमांश असला तर ४०००, आणि जड लेन्स असती तर २०००. चार हजाराला चित्रात दाणा येतो, रवा सांडल्यासारखा. दाणा दिसला तरी पीस दिसते. हलल्याने पुसटलेले पीस मात्र कशानेच परत येत नाही. पुसट या शब्दाचा आमच्या घरात आता एक विशेष अर्थ आहे, म्हणून मी हे जरा जोर देऊन लिहितो.

राहिला वेग. एका सेकंदात किती चित्रे? मला आधी ही चैन वाटली होती. मग मारेची हकीकत वाचली. एत्येन-ज्यूल मारे हा फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ. पक्षी पंख नक्की कसा हलवतो, हे त्याला जाणून घ्यायचे होते. १८८२ साली त्याने एक बंदूक केली. दस्ता, नळी, चाप, सारे बंदुकीचे. पण आत गोळीऐवजी फिरती काच. पक्ष्यावर नेम धरून चाप ओढला की एका सेकंदात १२ चित्रे. आमच्या वडिलांचा अख्खा रोळ! आणि मारे तेवढ्यावर थांबला नाही. १८८७ साली त्याने पक्ष्याच्या पंखाच्या एकामागून एक येणाऱ्या अवस्था शिल्पात घडवल्या. म्हणजे हाताने चाचपून पाहता येईल असे उड्डाण. हे मी हिला वाचून दाखवले तेव्हा तिने ते पान मला दोनदा वाचायला लावले.

त्यानंतर मी वेगाला चैन म्हणेनासा झालो. सेकंदाला तीनदा पंख मारणारा पक्षी धरला आणि कॅमेरा सेकंदाला १५ चित्रे घेणारा असला, तर एका फडफडीला पाच चित्रे मिळतात: पंख वर, अर्धा, सपाट, खाली, आणि मिटून पुन्हा वर येताना. ती एकामागून एक सावकाश लावली की उड्डाण दिसते, आणि हव्या त्या जागी थांबवताही येते. हिला नेमके हेच पाहिजे होते.

याहून जास्त वेगही मिळतो, पडदा न हलवता नुसत्या विजेवर चालणारा. पण त्यात एक खोच आहे. पुष्कळ कॅमेऱ्यांत सेन्सर वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत क्रमाक्रमाने वाचला जातो. वाचून संपेपर्यंत पंख हललेला असतो, आणि चित्रात तो ओल्या पापडासारखा वाकलेला दिसतो. ज्यांचे सेन्सर फार झटपट वाचले जातात अशा कॅमेऱ्यांत हे होत नाही. सोनीने २०१७ साली ए-९ आणला तो असा होता, आणि निकॉनच्या २०२१ च्या झेड-९ मध्ये तर पडद्याचे शटर ठेवलेच नाही. त्या वाटेला जायचे तर ओट्याबरोबर स्वयंपाकघरही विकावे लागेल. मी साधा पडदा आणि १५ चित्रे यांवर समाधान मानले.

तरीही मोठी रक्कम एकदम मोडायची नाही, ही बँकेची शिकवण. कॅमेरे आणि लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. मी जड आणि हलकी, दोन्ही जोड्या एका दिवसासाठी आणल्या आणि आम्ही ऐरोलीला गेलो. ठाण्याची खाडी आमच्या घरापासून पुलापलीकडे. तिला २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर केले आणि २०२२ मध्ये ती रामसरच्या यादीत गेली. खाडीत होडीने फिरवून आणतात. वेळ भरती-ओहोटी पाहून ठरवतात. रोहित, म्हणजे ज्याला सगळे फ्लेमिंगो म्हणतात तो, चिखलात उभा असताना फिका गुलाबी, जरासा मळलेला दिसतो. पंख उघडले की आत लाल-गुलाबी आणि कडेने काळाभोर. सारा रंग त्याने जणू उडण्यासाठी राखून ठेवलेला असतो.

होडीत माझ्या समोरच्या बाकावर ही बसली, मान जरा तिरपी करून. आणि मग जे झाले त्याचा उल्लेख कुठल्याही कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात नाही. “डावीकडून सुरय येतोय,” ही म्हणाली. मी वळलो, आणि दोन क्षणांनी सुरय आला. “मागून टिटवी. खालून आहे.” टिटवी आली. “शेकाटे उठले, उजवीकडे.” उठले होते. कॅमेऱ्यात हल्ली पक्ष्याचा डोळा शोधून तिथे नेम धरून ठेवण्याची सोय असते, आणि ती खरोखर अचंबा वाटावा इतकी चांगली चालते. पण पक्षी आधी चौकटीत यावा लागतो. तो कोठून येणार हे त्या यंत्राला कळत नाही. माझ्यापाशी ती व्यवस्था होती.

एका प्रवाशाने नावाड्याला सांगितले, “जरा थव्याच्या जवळ घाला, उडू द्या की!” हा प्रकार मी पुष्कळ पाणथळींवर पाहिला आहे. फोटोसाठी थवा उठवायचा, तो दमून पुन्हा बसला की पुन्हा उठवायचा. ती पाखरे तिथे चरायला आलेली असतात. आपण त्यांना ताटावरून उठवतो. नावाडी तयार नव्हताच, पण त्याने उत्तर देण्याआधी हिनेच दिले. “उडवायचं नाही. उडेल तेव्हा घ्यायचं.” शाळेत तीस वर्षे शिकवलेल्या बाईचा तो आवाज होता. त्या गृहस्थांनी कॅमेरा मांडीवर ठेवला.

जड जोडीवर मी चाळीस मिनिटे काढली. चित्रे आली ती सुरेख आली, मोठी आणि स्वच्छ; पण पहिल्या पंधरा मिनिटांतलीच. नंतरच्या चित्रांत आकाश पुष्कळ आहे, एके ठिकाणी शेपूट आहे. हलक्या जोडीवर उरलेला सारा वेळ गेला आणि मी परतीच्या धक्क्यापर्यंत कॅमेरा खाली ठेवला नाही. दाणा होता. दूरचे रोहित लहान आले. ऊन चढल्यावर चिखलावरची हवा थरथरू लागली आणि त्यातून काढलेले सगळेच, जड काय आणि हलके काय, पाण्यातून पाहिल्यासारखे झाले. गरम हवेवर पैशाने मिळणारा उपाय नाही. लवकर उठणे हा एकच. त्या दिवशी संध्याकाळी मी ठेव मोडली. दुकानातल्या त्या तरुणाने खोक्याबरोबर एक कापडी पट्टा फुकट दिला आणि म्हणाला, “काका, पहिली घार मला पाठवा.”

घार मी पाठवली, पण ती एप्रिलमधली. त्या सकाळी आम्ही ऐरोलीहून परत आलो तेव्हा साडेदहा वाजले होते. आंघोळी झाल्या, जेवणे झाली. ही टीव्हीजवळ खुर्ची ओढून आपल्या ठरलेल्या कोनात बसली. रोहित झाले, सुरय झाले. मग एक घार होती, होडीवरून खाली येऊन वळलेली. पडदाभर आली होती. मी एकेक चित्र सावकाश पुढे नेऊ लागलो. चौथ्या चित्रावर हिने हात वर केला.

“थांबा. डावा पंख.” ती आणखी पुढे झुकली. नाक पडद्याला लागेल इतकी. “टोकाची बोटं मोजा.”

मी मोजली. मध्ये एक फट होती.

“एक पीस नाही तिथं,” ही म्हणाली. “संक्रांतीच्या मांजाचं असेल हो. किती घारी कापल्या जातात... उजवा पंख दाखवा.”

“त्यानं काय कळणार?”

“मांजानं गेलं असेल तर एकाच बाजूला. पिसं गळायचे दिवस असतील तर दोन्हीकडे सारखीच जागा रिकामी असते. दाखवा ना.”

पाचव्या चित्रात उजवा पंख अंगाआड होता. सहाव्यात, सातव्यातही. आठव्यात घार वळत होती आणि नुसती कड दिसत होती. नवव्या चित्रात तिने अंग तिरपे केले आणि उजवा पंख पुरता उघडला. मी उठून पडद्यापाशी गेलो आणि बोट लावून टोकापासून एक, दोन, तीन अशी पिसे मोजली. फट होती, आणि बरोबर त्याच जागी होती.

“आहे,” मी म्हणालो. “इकडेही तशीच.”

“मग गळतायत,” ही म्हणाली आणि खुर्चीत मागे टेकली. “येतील परत. पुढचं लावा.”